ब्लिंग म्हणजे काय

११ नोव्हेंबर, चामोर्शी

नंदिनीताईचं पोस्टर आलं. वडशाच्या नाटक मंडळीनं मोबाइलवर पाठवलं, मी कागदावर छापून आणलं. ताईचा फोटो छान आहे, हातात माईक. खाली — 'प्रथमच झाडीपट्टीत, ब्लिंग गर्ल!' 'प्रथमच' बरोबर. 'झाडीपट्टीत' बरोबर. 'ब्लिंग' माहीत नाही.

बाबांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. म्हणाले, "गर्ल म्हंजे पोरगी, थे समजलं. आंधीचा शब्द का हाये?"

म्हटलं, शोधून सांगतो.

"अर्थ सांग. चांगला असन तं जाईन पोरगी. नाई तं नाई."

गुरुवारी मंडळीची गाडी तिला न्यायला येणार.

१२ नोव्हेंबर

शब्दकोशात 'ब्लिंग' नाही. 'ब्लिंक' आहे — डोळे मिचकावणे. पोस्टर बनवणाऱ्याची चूक असेल का? डोळे मिचकावणारी पोरगी! हे बाबांना सांगता येणार नाही.

१३ नोव्हेंबर

मोबाइल दुकानातल्या वारलूला विचारलं. "गळ्यात जाड चेन, काळा गॉगल, मोठी गाडी. थे ब्लिंग."

मग मंडळीच्या राजदीपभाऊंना फोन केला. "गाण्याचा प्रकार हाये बाबू. पोट्टे शिट्ट्या मारतेत."

म्हणजे जगणं की गाणं? एका शब्दाला दोन अर्थ असू शकतात. पण ताईकडे चेन नाही, आणि ती भीमगीतं गाते. त्यासाठीच मंडळीनं घेतलं असं ती समजते.

तिलाही विचारलं. "तू काऊन डोकं खाऊन राह्यला? शब्दच तं हाये. बाबाले कायतरी चांगलं सांग नं."

कायतरी कसं सांगू? चुकलो तर?

१४ नोव्हेंबर, सकाळ

फोनवर शोधलं. चकाकणारे दागिने, थाटामाटाचं राहणं, परदेशातली गाणी, सगळंच दिलं आहे. मी एकच निवडलं. बाबांना सांगितलं — ब्लिंग म्हणजे चमक.

"चमक? मंग तं चांगलाच हाये." लगेच हो म्हणाले.

खोटं नाही. पूर्णही नाही.

१४ नोव्हेंबर, दुपार

बाबा पोस्टर घेऊन जवळ बसले. "यात नंदिनी कुठी लिवलं हाये? बोट ठेवून दाखव. लोकायले सांगतो."

मी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचलं. आत ताई बॅग भरते आहे.

कुठंच नाही.