भिंगरीच्या ओठाचे दोन टाके

१९ मार्च, मंगळवार

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, तुम्ही तिघंही खुशाल असाल. अक्षर वेडंवाकडं आलंय, ओळी एकमेकींवर चढल्यात, जमेल तसं वाचून घे. फोनवर दोनदा बोलायला घेतलं आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर घसरलो, म्हणून हा कागद.

परवा तू हसत हसत सांगितलंस की भिंगरी गाडीत तुझ्या शेजारी बसली की रस्ताभर "आई, लाल. आई, सायकल. आई, बाई चाललीय," असं बोलत असते, खिडकीबाहेर क्षणभर बघत नाही. "बाबा, तुमची नात वाहतूक पोलीस होणार!" म्हणालीस. मीही हसलो. पण ती तसं का करते, ते मला ठाऊक आहे.

आधी चांगलं सांगतो. तुझी लेक माझ्याकडे राहायला आली आणि घराला तोंड फुटलं. तुझी आई गेल्यापासून दोन वर्षं इथे रेडिओच काय तो बोलायचा. ही बया सकाळी माझी चादर ओढायची, "आबा, उठा, झाड फुललंय!" उशीर झाला तर जणू ते मिटणारच होतं. तुझ्या आईने लावलेल्या त्या झाडाला यंदा असा बहर आलाय की पान शोधावं लागतं. त्याखाली मी चहा घ्यायचो, ती दूध. माझं बघून तीही जेवणाआधी हात जोडायला लागली, मी शिकवलं नव्हतं. एकदा डोळे मिटून बराच वेळ बसली. "काय मागितलंस गं?" विचारलं, तर म्हणाली, "मागितलं काही नाही. आजीला सांगत होते, झाड फुललं म्हणून."

पहिल्या रविवारी प्रार्थनाघरात गेलो. नेहमीसारखं पुढे उभं राहून मी प्रार्थनेचं पुस्तक वाचलं. खाली येऊन बसलो, तर कानाशी लागून म्हणते, "आबा, पुस्तक उलटं होतं."

"तीस वर्षं वाचतोय, पाठ आहे मला," मी म्हटलं. पाठ आहे हे खरंच.

हिवाळ्यात मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तुला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. ते खोटं होतं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, ताई. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. तू पुढ्यात बसलीस तर तुझे कान दिसतील, चेहरा नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी आजपासून बंद. मी मान डोलावली आणि गाडी चालवतच घरी आलो.

चौतीस वर्षं बस चालवली, गाडीला साधा ओरखडा नाही. डेपोत नवीन पोरांना माझ्या गाडीवर शिकायला पाठवायचे. किल्ली ठेवून द्यायची म्हणजे चार भिंतींत बसून राहायचं, आणि प्रार्थनाघर पाच किलोमीटरवर. मी स्वतःची समजूत घातली, रस्ता पायाखालचा आहे.

भिंगरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सिग्नलला मी थांबून राहिलो. मागचे हॉर्न मारताहेत. ती म्हणाली, "आबा, हिरवा झाला ना!" मी त्याचा खेळ केला. म्हटलं, तू माझी कंडक्टर. एकदा 'टिंग' म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. पोरगी इतकी खूश! नऊ वर्षांच्या मुलीचे डोळे मी उसने घेतले आणि तिला कळू दिलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी ऊन कोवळं होतं, रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरा बहर. मीच म्हटलं, "बघ गं तिकडे, काय फुललीत झाडं!" तिने मान वळवली. मला समोर रस्ता मोकळा दिसत होता. मग ती किंचाळली.

मी ब्रेक दाबून चाक वळवलं. गाडी फुटपाथवर चढून बाकावर आदळली. वीतभर अंतरावर एक बाई बाबागाडी धरून उभी होती. ती ओरडली नाही. आधी आत हात घालून बाळ चाचपलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, दिसत नाही का तुम्हाला?"

असं रस्त्यात कुणीही कुणालाही म्हणतं. मी म्हटलं, "ऊन डोळ्यावर आलं."

भिंगरीच्या ओठातून रक्त येत होतं. दवाखान्यात दोन टाके घातले. झोपाळ्यावरून पडली असं तुला सांगितलं ना, ते तिला मी पढवलं. तिने एकदाच विचारलं, "खोटं बोललेलं देवाला कळतं ना, आबा?"

"कळतं."

"मग फक्त आईलाच कळायचं नाही?"

पुढचे दोन दिवस ती झाडाखाली आली नाही. तू न्यायला आलीस तेव्हा गाडीत बसेपर्यंत तिने तुझा हात सोडला नाही, आणि तू म्हणालीस, "बाबा, एवढ्या दिवसांत हिला आईची आठवण आली वाटतं!"

काल गॅरेजवाल्याला बोलावून गाडी आणि किल्ली देऊन टाकली. परवाच्या रविवारी चालत गेलो होतो, दीड तास लागला. पुढे उभं राहून सगळ्यांना सांगितलं की मला दिसत नाही, यापुढे वाचन दुसऱ्या कुणी करावं. शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. हात जोडले, पण तुला सांगायचं राहिलं होतं, तर प्रार्थना पुढे सरकेना.

त्या बाईचं घर शोधतोय. चौकातला फुलवाला म्हणाला, ती रोज तिथून जाते. तिच्यापुढेही उभं राहायचंय.

भिंगरीला रागावू नकोस, ताई. तिच्या तोंडी खोटं मी घातलं. ते ती निमूटपणे वाहतेय, आणि वर तुझी गाडीही सांभाळतेय, कारण मोठी माणसं रस्ता बघत नसतात असं तिला वाटायला लागलंय. हे पत्र तिला जवळ घेऊन मोठ्याने वाचून दाखव. आबांनी स्वतः सांगितलं, एवढं तिच्या कानावर पडू दे.

माझ्यावर काय रागवायचं ते रागव. तिला पुन्हा पाठवायचं की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही. उत्तराचीही घाई नाही. आधी तिच्याशी बोल.

तुझा अपराधी,
बाबा