कापश्याचं घमेलं

सोम., ३ फेब्रु.
पहिल्या पाळीहून आलो तर दारातच वास. कापश्याचं घमेलं तीन दिवस धड धुतलेलं नव्हतं. ससा पोरीचा, प्रज्ञाचा, घाण आमची. ती लातूरला हॉस्टेलवर राहून बारावी करणार आणि इथं ढोकीत मी तिच्या सशाच्या लेंड्या उचलणार. गरम पाणी, लिंबू, जुना ब्रश. तळाचा पांढरा थर अर्धा तास घासला तेव्हा निघाला. कंबर गेली.
प्र.ने जाताना भिंतीवर कागद चिकटवलाय. खाली पेपर, वर कडब्याची कुट्टी, दुसरं काही टाकायचं नाही. ही कुट्टी अर्ध्या दिवसात भिजते. काहीतरी केलं पाहिजे.

मंगळ., ४
कारखान्यातून पोतंभर बगॅस आणलं. आमच्या बॉयलरला जाळतात तेच, रस काढून उरलेला उसाचा भुसा. घमेल्यात चार बोटं थर दिला. ओल सगळी खाली जाते, वर कोरडं. वास बंद. सुमन म्हणाली, "आता घरात आल्यागत वाटतंय." लग्नाला बावीस वर्षं झाली, बायकोनं माझ्या कामाची तारीफ केली ती ही दुसरी. पहिली कधी ते आठवत नाही.
आठला प्र.चा फोन. तिचा नियम, आधी घमेल्याचा फोटो, मग अभ्यासाचं. मागच्या वर्षी पोट बंद पडून कापश्या मरता मरता वाचला, तेव्हापासून लेंड्या बघितल्याशिवाय पोरीचं मन लागत नाही. हरभऱ्याएवढ्या, गोल, भरपूर असल्या म्हणजे सगळं ठीक. आज लेंड्या पेपरवर काढून फोटो पाठवला. बगॅसचं बोललो नाही. उगीच वाद कशाला.

शुक्र., ७
लेंड्या कमी. ज्वारीएवढ्या बारीक, एकमेकींना चिकटलेल्या. थंडीनं असेल. फोटो जवळून काढला, मोठ्या दिसतात.

शनि., ८
एकही नाही. पोट फरशीला दाबून कोपऱ्यात बसलाय, दात खातोय. कोथिंबीर पुढं धरली तर तोंड फिरवलं.
घमेलं उपसायला घेतलं तेव्हा एका कडेला खड्डा दिसला. चार बोटांच्या थरातलं तिथं बोटभरही उरलं नव्हतं. हा ते खात होता. रस काढला तरी थोडी गोडी राहतेच त्यात. वीस वर्षं बॉयलरवर आहे, घरी येतो तेव्हा अंगाला तोच गोड वास असतो, आणि मला हे सुचू नये? भिंतीवरचा कागद समोरच होता. गाढव आहे मी.
सगळं बाहेर फेकलं. पेपर, कुट्टी. पण आठ वाजता दाखवायचं काय? मंगळवारी तिचा पहिला पेपर. लेंड्या आम्ही कढीपत्त्याच्या बुडाला खत म्हणून टाकतो. तिथल्या जुन्या वेचून आणल्या, पाण्याचा हात फिरवला, घमेल्यात पसरल्या. फोटो काढताना सुमन दारात उभी.
"काय करताय ओ?"
सांगितलं. बगॅसचंही सांगितलं. ती आत निघून गेली.
बॉयलरच्या रजिस्टरात आजवर एक आकडा खोटा टाकलेला नाही. कितीदा वरून दाब आला तरी.

रवि., ९
टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांच्या घरी नेला. माणूस चांगला, पण सगळी हयात गाई-म्हशींत गेलेली. नळी लावून पोट ऐकलं, पुन्हा ऐकलं. "आत आवाजच न्हाय. म्हैस असती तर हात घालून मोकळी केली असती, ह्याला काय करू सांगा." तरी थेंब दिले. सुई काढलेल्या सिरिंजनं तोंडात कोमट पाणी, पोट हलक्या हातानं चोळायचं. पुढचं काही सांगता येत नाही म्हणाले.
घरी सुमन मागंच लागली. "पोरीला सांगा. उद्या काय झालं तर ती तुमाला माफ करायची न्हाय."
म्हटलं, सांगितलं तर पेपर जाईल तिचा.
"पेपर परत देता येतो."
तिच्यावर ओरडलो. संध्याकाळी पुन्हा कढीपत्ता.

सोम., १०
रजा टाकली. ऐन हंगामात कशापायी, असं फोरमननं विचारलं. पोट बिघडलंय म्हणालो. कुणाचं ते त्यानं विचारलं नाही.
तासातासाला पाणी, चोळणं. हाताखाली पोट टणक लागतं. दुपारी दोन लेंड्या. वाकड्या, मधे केसाचा धागा. सुमनला हाक मारली, दोघं घमेल्यावर वाकून बघत बसलो. कालचं भांडण तिथंच मिटलं. मग दिवसभर पुढं काही नाही.
फोटो जुन्यांचाच. प्र. म्हणाली, "पप्पा, उद्या इंग्रजी आहे. तुम्ही टेन्शन घेऊ नका." पेपर तिचा आणि टेन्शन मी घेऊ नको. असं का म्हणाली असेल...

मंगळ., ११
फोन आज पाचलाच. पेपर बरा गेला. मग म्हणाली, "पप्पा, शनिवारपासूनच्या लेंड्या वाळक्या आहेत. वरून ओल्या केल्यात, पण तडे दिसतात. मला कळतं."
मी कापश्याकडं बघितलं.
"तो आहे ना?"
"आहे."
"बास. शेवटचा पेपर होईपर्यंत पुढचं काही सांगू नका, मी विचारणार नाही. पण फोटो पाठवत जा. तसलाच. तो आला नाही तर माझ्यानं अभ्यास व्हायचा नाही."
बगॅसचं ओठावर आलं होतं. तिनं फोन ठेवला.
मी पोरीला सांभाळतोय असं समजत होतो. लाज वाटली. रडायलाही आलं, सुमन मोरीत होती तेवढ्यात रडून घेतलं.
कापश्या सुमनच्या मांडीवर आहे. डोळे अर्धे मिटलेले, कान गार. सकाळपासून घमेलं कोरडं. उद्या तो नसला तरी इथून फोटो जाईल, आणि तिकडं ती तो बघून पुस्तक उघडेल. आणि मग पेपर संपवून घरी येईल.
सुमन विचारतेय, "आणू का वेचून?" रिकाम्या घमेल्याचाही एक फोटो काढून ठेवलाय, कुठला पाठवायचा ते ठरत नाही. आठला सात मिनिटं कमी आहेत.