दहा नंबर कुठं जात नाही

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

जळगाव जामोद,
१० नोव्हेंबर २०२५

ती. सिंधूताईस धाकट्या निवृत्तीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. पिठाच्या गिरणीत जन्म गेला, आता फोनमधून नुसती घरघर ऐकू येते, शब्द लागत नाही. पत्र बरं, दोनदा वाचता येतं. इकडे सगळे ठीक. भागवताची वांगी यंदा चांगली आहेत आणि कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, हे दर वर्षीचंच.

खरी बातमी भागवताच्या काजलची. ज्ञानेश्वर सरांच्या फुटबॉल अकादमीत तुझी ही भाची, माझी पुतणी, दहा नंबरची जर्सी घालते आणि निम्मं गाव तिच्यापायी संध्याकाळी मैदानावर असतं. तर पुण्याच्या एका मोठ्या क्लबाचे साहेब काल तिला बघायला आले होते. ते येणार म्हणून गेले काही दिवस गिरणीसमोरच्या बाकावर नुसता गोंधळ. खताच्या दुकानाचा गुलाबराव म्हणे, जाऊ द्या ना पोरीले, आपण का कोंडवाडा चालवून राह्यलो काय? मी म्हटलं, पेरणी आम्ही करायची आणि कापणीला पुण्याची गाडी यायची, हे कुठवर चालायचं? मागे अकादमीतली प्रेरणा अशीच गेली. ती तिकडे राखीव खेळाडूंत बसून असते म्हणतात, आणि इकडे तिच्यावाचून आमच्या पोरी धामणगाव बढ्याच्या संघाकडून मार खातात. यावर गुलाबराव म्हणाला की मग प्रेरणानं तुमच्या टाळ्यांसाठी जलम काढायचा काय. त्या दिवशी मी त्याला चहा पाजला नाही.

आता ऐक, आणि कुणाला सांगू नकोस. ज्ञानेश्वर सरांना काल निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण लागलं, म्हणून साहेबांची सरबराई माझ्याकडे आली. जर्सींची पेटीही गिरणीतच असते. साहेबांना कुणीतरी आधीच कळवलं होतं की दहा नंबर बघा. मी सामन्याआधी पोरींना म्हटलं, बाहेरचा माणूस आला आहे, नजर लागेल, आज नंबर बदलून खेळा. दहा नंबर दिला गुलाबरावच्या नातीला, अर्पिताला. ती मागे बचावाला असते, साधंच खेळते बिचारी. तिचा चार नंबर काजलला. पोरींनी मुकाट ऐकलं. काजलनं धडाधड गोल केले, मी टाळ्या पिटल्या. साहेबांनी काहीबाही टिपून घेतलं, सरांनी लिहून ठेवलेली खेळाडूंची यादी माझ्याकडून घेतली आणि कुणाशी न बोलता बस धरली. दहा नंबरनं त्यांचं समाधान काही झालं नसणार. आपली काजल कुठं जात नाही.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा,
निवृत्ती


डोणगाव,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. निवृत्तीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. अरे वेड्या, त्या माणसाला डोळे आहेत की नाहीत? आला असेल तो दहा नंबर बघायला, पण गोल होताना त्यानं चार नंबर पाहिला. आणि यादीत चार नंबरापुढे नाव कुणाचं आहे? अर्पिताचं! लहानपणी गवतात आंबे लपवायचास आणि वासानं सगळं घर बरोबर तिथंच जायचं. तुझी अक्कल अजून तेवढीच आहे.

दुसरं असं की तू, गुलाबराव आणि तुमचा तो बाक, एवढ्या चर्चेत काजलला कुणी विचारलं का, बाई तुला काय पाहिजे? मला एकोणिसाव्या वर्षी लग्न लावून डोणगावला धाडलंत तेव्हा गावात कुणी सभा घेतली नाही की सिंधू गेली तर आपलं कसं व्हायचं. तेव्हा जाणं ही रीत होती. पोरगी स्वतःच्या पायांनी जायला निघाली की मात्र तुम्हाला सगळ्यांना माती आठवते. माझं वय झालं, पण हे लिहिताना अजून राग येतो.

सरांना आजच्या आज सांग. अजून काही बिघडलेलं नाही. ह्यांचा गुडघा थंडीनं धरला आहे, रोज शेकते. भागवताला म्हणावं, वांग्यांचं नुसतं वर्णन पोचलं, वांगी कधी पोचतील?

माझे आशीर्वाद असतातच, या वेळी ते अटीवर आहेत.

तुझी,
ताई


जळगाव जामोद,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं. सरांना सांगायला रोज निघत होतो, आणि निवडणुकीच्या धामधुमीत ते सापडत नाहीत असं रोज स्वतःला समजावत होतो. शनिवारी पुण्याचं बोलावणं आलं. सात डिसेंबरपासून निवड शिबिर, आणि नाव अर्पिताचं. सरांना नवल वाटलं, पण पुण्याला बचावाची पोरगी पाहिजे असेल असं समजून ते खूश झाले. गुलाबरावनं पेढे वाटले. पहिला माझ्याच तोंडात कोंबला आणि म्हणाला, निवृत्तीभाऊ, आता बोला! मला तो गिळेना.

काजल तिथंच होती. तिनं अर्पिताला मिठी मारली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बूट पिशवीत टाकून घरी गेली. दुसऱ्या दिवशी अर्पिता गिरणीवर आली, दळणाचा डबा नुसता निमित्ताला. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, मोठेबाबा, ते बोलावणं माह्यं नाही, मले माहीत आहे, आता मी काय करू? काजलचं ऐकून गावातल्या सगळ्याच पोरी मला मोठेबाबा म्हणतात. मी तिला सांगितलं, सध्या गप्प राहा. पोरीला असं सांगणारा मोठेबाबा कसला?

आणि गुलाबरावची तऱ्हा बघ. जाऊ द्या, जाऊ द्या म्हणणारा हा माणूस आता बाकावर बसून गुपचूप डोळे पुसतो, कारण नात जाणार. त्याला काय म्हणून सांगू? सांगितलं तर अर्पिताची गावभर फजिती, न सांगावं तर काजलच्या हातचं गेलं. दिवसभर गिरणी आणि मैदान अशा येरझाऱ्या घालतो, कुठंच बसवत नाही. रागावून का होईना, पण लवकर लिही.

लोभ राहिला असेल तर तो असू द्यावा.

तुझा,
निवृत्ती


जळगाव जामोद,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास काजलचा सा. न.

पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, हसू नकोस. फोन बाबांच्या खिशात असतो आणि बोलताना सगळं घर ऐकतं. म्हणून मोठेबाबांकडून तुझा पत्ता घेतला. कशाला पाहिजे, ते त्यांनी विचारलं नाही.

आत्या, मला पुण्याला जायचं होतं. हे मी कुणालाच बोलले नव्हते, कारण इथं तोंडातून शब्द निघाला की बाकावर वाद सुरू होतो, आणि त्यात माझं म्हणणं कुठं ऐकूच येत नाही. सतरा वर्षांखालच्या गटात माझं हे शेवटचं वर्ष आहे. मोठेबाबा नजर लागेल म्हणाले ते मला खरंच वाटलं गं. ते म्हणतात तर बरोबरच असेल म्हणून मी जर्सी बदलली.

अर्पिता शाळेत माझ्याजवळच बसते. ती म्हणते, मी आजारी पडते, तू जा. मी म्हणते, असं कसं, कागदावर नाव तुझं आहे. मग दोघी रडतो आणि गणितं सोडवायला लागतो. मी बोलले तर पेढे वाटलेल्या तिच्या आबांना मान खाली घालावी लागेल. नाही बोलले तर मला झोप येत नाही. सकाळी मैदानावर पाय ऐकत नाहीत. काल समोर गोलकीपरसुद्धा नव्हती तरी चेंडू बाहेर मारला. सर म्हणाले, काऊन वं, ताप आहे काय? मी हो म्हटलं.

मोठेबाबांना रागावू नकोस. ते मैदानाच्या कडेला उभे असतात पण आता ओरडत नाहीत, मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. मी काय करू ते सांग. तुझा गुडघा बरा असेल, नाही, गुडघा मामांचा ना? त्यांना जपायला सांग.

माया कर, आणि हे पत्र फाडून टाक.

तुझी,
काजल


डोणगाव,
१ डिसेंबर २०२५

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

काजलनं मला लिहिलं आहे. सगळं सांगत नाही. तुला रागावू नकोस असं तिनं लिहिलं, म्हणून मी दुप्पट रागावले आहे.

तुझी चूक दोन लेकरं पोटात घेऊन फिरत आहेत आणि तू मला मार्ग विचारतोस! फजिती व्हायची ती तुझी होऊ दे, साठीच्या माणसाला सोसते. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी, ताटावर बसायच्या आधी, गुलाबरावकडे जा. मग सरांकडे. मग पुण्याच्या साहेबांपुढे स्वतः उभा राहा. सात तारीख तुझ्यासाठी थांबणार नाही. काजलला मी वेगळं लिहिते आहे की तिनं काहीही करायचं नाही, झोपायचं.

बाकीचं प्रेम तू पुण्याहून आल्यावर.

ताई


जळगाव जामोद,
१६ डिसेंबर २०२५

ती. ताईस निवृत्तीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. न जेवता गुलाबरावच्या दुकानात गेलो आणि खतांच्या पोत्यांमध्ये उभा राहून सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. तो फक्त उठला, शटर ओढलं आणि घरी गेला. सरांनी लगेच पुण्याला फोन लावला. साहेब आधी हसले म्हणे, मग म्हणाले, दोघींना घेऊन या, जागा मात्र एकच आहे.

आम्ही चौघं बसनं गेलो. पुण्यापर्यंत गुलाबराव माझ्याशी चकार शब्द बोलला नाही. पोरी मात्र एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून बसल्या होत्या. मैदानावर गेल्या गेल्या मी साहेबांपुढे हात जोडून कबूल केलं. मग त्यांनी दोन दिवस पोरींना खेळवलं. ताई, काजल इतकी वाईट कधीच खेळली नव्हती. चेंडू पायाशी थांबेना, धाव निघेना. पंधरा दिवस नीट न झोपलेली पोर, ती तरी ताकद कुठून आणणार? आणि आपल्या वाट्याचं इथं काही नाहीच असं धरून आलेली अर्पिता बिनधास्त खेळली. तिचा डावा पाय एवढा चालतो हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी दहा नंबर सोडून कुणाकडे बघत होतो?

निकाल सांगताना साहेब हळू बोलत होते, मला काही लागेना. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी गुलाबराव माझ्या कानाशी आला आणि ओरडून म्हणाला, अर्पिताले ठेवलं, काजलले नाही. एवढ्या दिवसांत तो माझ्याशी बोलला ते एवढंच. बोलून त्यानंच माझा हात धरला. येताना काजल खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी शेजारी बसून होतो आणि तिच्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

खरं पुढेच आहे. परवा रविवारी गावच्या मंडळींनी मैदानावर शाल आणि नारळ आणला. गावात अशी बातमी पसरली की काजल पुण्याला नको म्हणून परत आली. त्यांचे म्होरके कडूबा पाटील, त्यांनी भाषण ठोकलं, पोरीनं गावाशी इमान राखलं, आणि हे घडवून आणलं आपल्या निवृत्तीभाऊनं. शाल माझ्या खांद्यावर घातली, नारळ काजलच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. ताई, मला हेच पाहिजे होतं. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात काजल पुढे आली. नारळ टेबलावर परत ठेवला आणि सगळ्यांपुढे मोठ्यानं म्हणाली, मी थांबली नाही, मले घेतलं नाही. फेब्रुवारीत नागपूरले दुसऱ्या क्लबाची निवड आहे, मी जाणार आहो, अन् मोठेबाबा मले नेतीन. हे तिनं मला आधी विचारलं नव्हतं. कडूबा पाटील म्हणाले, निवृत्तीभाऊ, काय म्हणून राह्यली ही पोट्टी? सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मी शाल काढून त्यांच्या हातात दिली आणि हो म्हटलं.

आता रोज सकाळी ती धावते आणि मी सायकलवर मागे असतो. फारसं बोलत नाही माझ्याशी, पण थांबली की पाण्याची बाटली माझ्याकडून घेते. बाकावर गुलाबराव आणि मी पुन्हा बसतो. वाद घालत नाही, तो अर्पिताच्या बातम्या सांगतो आणि मी ऐकल्यासारखं करतो.

इतकी वर्षं गजानन महाराजांच्या फोटोपुढे उभा राहिलो की माझं एकच मागणं असायचं, काजल इथंच राहू दे. काल म्हटलं, तिला नागपूरला घेऊ द्या. ताई, अर्धं मन अजून उलटंच ओढतं. पण म्हटलं. तूही रोज माझ्यासोबत तेवढंच माग. मी एकट्यानं मागितलं तर महाराजांना खरं वाटायचं नाही.

तुझ्या लोभाला पुन्हा लायक व्हायच्या खटपटीत असलेला,
निवृत्ती