अकरा वर्षं बाकावर

वटार, वसई
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय स्टॅनी सर,

जय येशू. मी प्रिस्का, जेम्सची बायको. सव्वीस वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा अक्षरावरून ओळखणार नाही म्हणून नाव आधी लिहिते. तुमची ज्युली गेल्या महिन्यात माणिकपूरला भेटली. म्हणाली, पप्पांना फोनवर ऐकू येत नाही, पण वाचतात सगळं, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा. म्हणून पत्र.

तब्येत कशी आहे? नाशिकची थंडी सोसते का? इकडे यंदा पाऊस हटता हटेना, वाडीतली केळी निम्मी आडवी झाली. सोनचाफा मात्र वेड्यासारखा फुललाय. शॉन विरारला फ्लॅटमध्ये राहतो, रविवारी चर्चला मिस्साला येतो, जेवून जातो. माझे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

जेम्स जानेवारीत गेला. ज्युली मयताला आली होती, तुम्ही नव्हता. ते बरंच झालं. चर्चच्या मागच्या बाकावरही लोकांनी तुम्हाला सुखाने बसू दिलं नसतं.

लिहायला बसले ते वेगळंच. गेल्या आठवड्यात एरॉल आला होता. आता तो आपल्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष आहे. बावखल बॉइजला डिसेंबरात पन्नास वर्षं होतात. क्लबच्या हॉलमध्ये एकच फोटो लावायचा असं ठरलंय, आणि तो जेम्सचा.

मी म्हटलं, "अरे एरॉल, सीनियर संघात तो एक मिनिट तरी खेळला का?"

"म्हणून तर आंटी," तो म्हणाला. "आपले तीन पोरगे मुंबईच्या मोठ्या क्लबांत खेळले. त्यांची नावं विचारली तर आमच्या पोरांना आठवावी लागतात. जेम्स अंकलचं नाव कोणाला आठवावं लागत नाही. लेजंड आमच्याकडे एकच."

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी गाव कसं सांगतं ते लिहिते. अठ्ठ्याऐंशी ते नव्व्याण्णव, अकरा वर्षं जेम्स चौदा नंबरची जर्सी घालून, बूट बांधून बाकावर बसला, आणि कोच स्टॅनी सरांनी त्याला एकदाही मैदानात पाठवलं नाही. शेवटच्या वर्षी फायनलला दोघं जखमी झाले. एकाच्या जागी जेम्सखेरीज उरलेला एकच राखीव पाठवला, दुसऱ्याच्या जागी कोणी नाही. बाकावर जेम्स एकटा होता. सर दहा जणांनिशी खेळले आणि हरले. मग मीटिंगमध्ये जेम्स उभा राहिला, "सर, माझं चुकतं काय, एवढंच सांगा." सर गप्प. त्याच आठवड्यात सरांनी क्लब सोडला, पुढच्या वर्षी गाव. आणि पाच वर्षांनी जेम्सच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा गाव म्हणालं, स्टॅनीनेच त्याचं काळीज मोडलं.

एरॉल फोटोखालचा मजकूर देऊन गेला. चांगला लिहिलाय. पण त्यात एक ओळ आहे, "अकरा वर्षं अन्याय सोसूनही ज्याने क्लब सोडला नाही." कागद आठ दिवस येशूच्या तसबिरीखाली ठेवलाय. येता-जाता 'अन्याय' हा एकच शब्द दिसतो. त्याचं काय करू ते इथे कोणाला विचारता येत नाही. तुम्हालाच विचारता येतं.

उत्तर पाठवा. पाठवलं नाही तरी मी समजेन.

तुमची,
प्रिस्का

*

नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रिस्का हिस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात लिहितो.

तो शब्द राहू दे. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. वसईत माझा कोणी नाही, हॉलमध्ये काय लिहिलंय ते वाचायला मी येणार नाही. तू बोललीस तर लोक तुला बोलतील, शॉन दुखावेल, आणि जेम्सचा फोटो लागायच्या आधी उतरेल. हे कोणाच्या भल्याचं?

तू त्या दुपारी शाळेच्या मैदानावर आलीस ते मला अजून दिसतं. तुला सहावा महिना होता. चप्पल हातात होती, पट्टा तुटलेला. तू म्हणालीस, "सर, त्याच्या हृदयाची झडप अरुंद आहे. डॉक्टर म्हणाले, जोरात धावला तर मैदानातच जाईल. तो ऐकत नाही. मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका, त्याने माझ्याकडून शपथ घेतलीये." मी म्हटलं, संघातून काढतो. तू म्हणालीस, "काढलंत तर तो दुसऱ्या क्लबात जाईल. ते धावायला लावतील. तुम्ही ठेवा, पण खेळवू नका." मी हो म्हटलं. ते हो माझं होतं, तुझं नव्हे.

आणखी एक सांगतो, जे कोणाला सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांनी मी त्याला समोर बसवून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. सरावात पळू नये म्हणून मी त्याच्याकडे लहान पोरं सोपवली होती. ती पोरं माझ्यासाठी येत नव्हती, त्याच्यासाठी येत होती. तो रागावून निघून गेला असता तर माझा क्लब अर्धा झाला असता. मलाही तो हवा होता. तेव्हा सगळं स्वतःच्या माथी घेऊ नकोस.

गुडघ्यांना एरंडेल लाव. शॉनला आशीर्वाद.

स्टॅनी

*

वटार, वसई
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

आदरणीय सर,

जय येशू. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं नाही. रागावू नका.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये सभा होती. साठ-सत्तर माणसं असतील. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, शॉन बाजूला. खरं सांगते, मी गप्प राहायचं ठरवूनच गेले होते. मजकूर वाचला जाईल, टाळ्या होतील, चहा पिऊन घरी येईन. पण एरॉल 'अन्याय' या शब्दावर आला आणि थांबला, आणि मागून कोणीतरी जोरात म्हणालं, "स्टॅनीचं नावपण लिहा खाली, कळू दे लोकांना." सगळे हसले. शॉनही हसला.

मी उठले. गुडघा असा लागला की खुर्ची धरून उभी राहिले. म्हटलं, "एरॉल, तो शब्द काढ. अन्याय झाला असेल तर तो मी केला."

मग सगळं सांगितलं. जेम्स सरावात चक्कर येऊन पडला होता ते. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने हसण्यावारी नेलं ते. "डॉक्टर कधी फुटबॉल खेळलाय का?" म्हणाला होता. माझा हात शॉन होता त्या पोटावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती, कोणाला सांगशील तर बघ. आणि चार दिवसांत मी ती मोडली. म्हटलं, "स्टॅनी सर दहा जणांनिशी फायनल हरले ते माझ्या शब्दासाठी. मीटिंगमध्ये त्यांनी तोंड उघडलं असतं तर सुटले असते. मी शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं."

शॉन उठला आणि निघून गेला. गाडी सुरू झालेली मला ऐकू आली.

तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. फोटो उतरायलाच निघाला होता. एक जण, नाव लिहीत नाही, तो म्हणाला, "मग लेजंड कसला? आजारी होता म्हणून बसला. असे तर आपल्या गावात खूप आजारी आहेत." दोघा-तिघांनी माना हलवल्या. सर, त्या क्षणी मला वाटलं, जिवंतपणी त्याला मैदान मिळू दिलं नाही, आणि आता ही भिंतही मीच काढून घेतली.

एरॉलने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो. सगळे म्हणायचे, ह्याला डावा पायच नाही. जेम्स अंकलने एक अख्खा पावसाळा मला उजव्या पायात बूट घालू दिला नाही. डाव्यात बूट, उजवा अनवाणी. रोज कंपनीतून सुटून यायचे, चिखलात उभे राहायचे आणि म्हणायचे, डावा. परत डावा. बॉल बावखलाच्या तळ्यात गेला की वेळूला जाळी बांधून स्वतः काढायचे, आम्हाला पाण्यात उतरू द्यायचे नाहीत. त्यांचं हृदय कसं होतं त्याचा माझ्या डाव्या पायाशी काय संबंध?"

मागून स्टेफी उठली. आता ती मुलींच्या संघाला शिकवते. म्हणाली, "मुलीला फुटबॉल शिकवायला कोणी तयार नव्हतं. अंकलने विचारलं फक्त, बूट कितीचा लागतो?" ती रडत होती आणि चिडलेलीपण होती. मग एकेक जण उठत गेला. कोणाचा हेडर, कोणाची भीती, कोणाची दहावी. मी त्याची बायको असून यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. घरी येऊन तो फक्त म्हणायचा, "पोरं बरी खेळली."

फोटो लागणार आहे. तो शब्द काढलाय.

आता शॉनचं. दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. मंगळवारी सकाळी आला, चहा न घेता ओट्यावर बसला. म्हणाला, "मम्मी, शाळेत पोरं मला काय म्हणायची माहीत आहे? बाकड्याचा पोरगा. मी स्टॅनी सरांच्या दारावर दगड मारलाय. दोनदा." मग म्हणाला, "पप्पांना सांगितलंस कधी?"

मी नाही म्हटलं.

"ऑपरेशन झाल्यावरसुद्धा नाही?"

"नाही."

"का?"

यावर मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगायलाच हवं, सर. ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. ते सभेत मला सांगता आलं नाही.

जेम्स जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. इस्पितळातून घरी आणलं होतं. मी त्याला पेज भरवत होते. मध्येच त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "प्रिस्का, खरं सांग. स्टॅनी सरांना माझ्यात काय कमी दिसलं गं? मी खूप विचार केला. मी वाईट नव्हतो." आवाजात राग नव्हता. लहान मुलाने विचारावं तसं विचारलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मला सांगायला सबंध सकाळ होती. तो माझ्यावर ओरडला असता, नाहीतर हसला असता, काहीही. पण निदान त्याला कळलं असतं की तो चांगला खेळाडू होता, आणि तुम्हालाही ते ठाऊक होतं.

मी म्हटलं, "नशीब रे. दुसरं काय."

त्याने मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

शॉनने हे ऐकलं. मला वाटलं, आता उठून जाईल. पण म्हणाला, "माझी पहिली आठवण काय आहे माहीत आहे? पप्पा बाकावर बसलेत आणि मी त्यांच्या मांडीवर. ते मला सांगताहेत, बघ, तो मोकळा आहे, त्याला बॉल द्यायला हवा." मग उठला, आत गेला आणि स्वतःच चहा टाकला. मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. त्याने दोन कप आणले, एवढंच.

दुपारी जाताना त्यानेच विचारलं, "सरांचा पत्ता आहे?"

कार्यक्रम रविवारी, २८ डिसेंबरला, चार वाजता. शॉन आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी गाडी घेऊन नाशिकला येईल. ज्युलीशी त्याचं बोलणं झालंय. तुम्हाला दारात बघून तो काय बोलेल मला माहीत नाही, कदाचित काहीच नाही, वाटभर गप्प गाडी चालवेल. तुम्हीही काही बोलू नका. माझ्या घरीच उतरायचं. खोली लावून ठेवलीये, खाट खिडकीपाशी घेतलीये. एरॉलने निरोप दिलाय, फोटोवरचं कापड सरांनी काढायचं.

कापड काढाल तेव्हा घाई करू नका, सर. जेम्स समोर असेल. त्याला तुमच्या तोंडून एकदा ऐकू दे की तो वाईट खेळत नव्हता. मी नशीब म्हटलं ते त्याने मान्य केलं, पण त्याला पटलं नव्हतं.

वाट पाहते.

तुम्हाला गप्प बसवणारी,
आणि त्याच्याशी शेवटपर्यंत खोटं बोललेली,
प्रिस्का