पाणी तोडून गाठ सुकत नाही

आये,

तुझं वर्षश्राद्ध परवाच झालं, आणि आज सकाळी तुझा लाडका भाऊ मामीला घेऊन नेरूळला माझ्या दारात हजर! मामीच्या छातीत गाठ आलीय. पुढचं ऐकशील? "तिचं मासली-भात बंद केलाय. आमी नुसती पेज देताव." पेज! म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझ्या वेळीही हेच. जासईला आपल्या ओटीवर पाय पसरून त्यानं निकाल दिला होता, "मिठाच्या वाफ्याचं पानी तोरलं का वाफा सुकतं. गाठीचं बी तसंच हाय." केवढा हा धन्वंतरी! अर्ध्या हळकुंडानं पिवळा. आणि तू मान डोलावलीस. मी कॉलेजात विज्ञान शिकवते, पण माझं कोण ऐकतंय!

डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं ना? गाठ स्वतःतून एक द्रव्य सोडते, ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला. ते पोचलं की शेजारच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात आणि ते गाठीकडे वाढत जातात. मग तिला रक्ताचा तोटा नाही. त्याच नव्या वाटांनी तिच्या पेशी निघतात आणि फुप्फुसात, यकृतात घर करतात. "उपाशी ठेवाल तर बाई सुकेल, गाठ नाही," असं स्पष्ट म्हणाल्या त्या. तू घरी येऊन काय म्हणालीस? "तिला मिठागरातलं काय कलतं?"

हसावं की रडावं! अगं, शेजाऱ्यांचे बांध फोडून पाणी आपल्या वाफ्याकडे वळवण्यात तुझ्या भावाची हयात गेली. गाठ तेच करते, एवढंही त्या शहाण्याला कळू नये?

एकदा मी तुझ्या आवडत्या जिताडा मासळीचं कालवण करून आणलं होतं. तू ताट सारलंस, डोळे मात्र वाटीवरच होते. भावाचा मान राखलास! अंगावर नुसती हाडं उरली तुझ्या. गाठ वाढतच होती. आणि परवा तुझ्या पानावर त्यानंच जिताड्याची मोठी तुकडी ठेवली. कावळा शिवला तेव्हा म्हणतो कसा, "माजी बाय खूस झाली!" लाज कशी वाटली नाही गं त्याला?

मामाला मी एकट्यालाच परत पाठवलं. जिन्यातून ओरडत होता, "ती मेली तं तुज्यावर हाय!" असू दे माझ्यावर. मामी आत जेवतेय. आधी माझ्याकडे बघत होती, वाढून घेऊ का म्हणून. आता खाली मान घालून खातेय.

उद्या तिला डॉक्टरीणबाईंकडे नेते. ती वाचेल, असं वचन मी कुठून देऊ? पण तिचं पान मी ती जिवंत असताना वाढीन. तिला उपाशी मरू देणार नाही.

जिचं तू ऐकलं नाहीस ती तुझी लेक,
कमळी