आत्याची खुर्ची

१७ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, आडवं पडून दम लागतो तर टेकून झोपा, पाय वर ठेवून. चांगली रुंद रिक्लायनर घ्या. वेताची खुर्ची मोडल्यापासून मी पलंगाच्या काठावरच बसते. दादाच्या घरात, असं लिहिणार होते. घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आहे. तरी हात तसाच वळतो.

२२ नोव्हेंबर
वहिनी सोबत आली. दुकानदार: "दीदी, वेट कितना है?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी: "नब्बे समझो भैया." माझी लाज राखली की स्वतःची? म्हटलं, एकशे अठरा. दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.
पहिली चकचकीत, रेक्झिनची. खुर्चीचे हात मांड्यांत रुतले, पाय वर घेताच खालून करकर. दुसरी तपकिरी, खऱ्या चामड्याची, आत लोखंडी सांगाडा. दोन्ही बाजूंना जागा उरली. पाय जमिनीला टेकतात, उठताना कोणाचा हात लागत नाही. मागे टेकले. दम लागला नाही. बराच वेळ उठलेच नाही.

२६ नोव्हें.
खुर्ची आली. दाराचं पल्लं काढून आत घ्यावी लागली. माझ्या खोलीत ती उघडतच नाही, म्हणून हॉलमध्ये. दादा: "हॉल आहे का गोडाऊन?" त्याची पोट्टी केतकी खुर्चीच्या हातावर बसून झुलत: "आत्या, बिझनेस क्लास!"
सलग झोपले. किती महिन्यांनी…

२ डिसेंबर
रविवारी केतकीला पाहायला दुर्गची मंडळी येणार. वहिनी मेथी निवडत, वर न पाहता: "ताई, वाईट नका वाटून घेऊ. एवढी मोठी खुर्ची पाहून विचारतील ना, इथं कोण बसते? मग म्हणतील, पोट्टी आत्यावर गेली तर?"
केतकीही अंगाने भरलेली आहे.
वाईट वाटलं नाही म्हटलं. वाटलं. पण वहिनी खोटं बोलत नव्हती. लोक पाहतातच तसं. माझ्या बसण्यापायी पोरीचं लग्न मोडावं का? आणि मला पाहून मोडेल असं लग्न जुळवावं का? दुसरा प्रश्न जास्त बरा दिसतो, म्हणून त्याच्यावर माझा भरवसा नाही.

५ डिसें.
पल्लं पुन्हा कोण काढणार? खुर्ची तिथेच, वरून चादर. माझ्याबद्दल दादा म्हणाला, "सांगून देऊ, ऑफिसच्या कामानं बिलासपूरले गेली." नाही म्हटलं. आतल्या खोलीत बसेन. एवढाच माझा बाणेदारपणा.

७ डिसें.
पडद्याच्या फटीतून पाहिलं. मुलाचे वडील माझ्याहून जाड. सोफ्यावर अवघडले, उठले, चादर सरकवून थेट माझ्या खुर्चीत. "वा! कोणाची आहे हो?"
दादा: "हव, ते… पाहुण्यांसाठीच घेतली."
सगळे हसले. पुरुष जाड असला की भारदस्त.
तेवढ्यात केतकी, हातात चहाचा ट्रे: "नहीं अंकल, मेरी आत्या की है. अंदर हैं. बुलाऊँ?"
दादा: "झोपली आहे ती. तब्येत बरी नाही."
दार चार हातांवर होतं. उठून बाहेर जायचं, नमस्कार करायचा. मी काय केलं, तर पलंगावर आडवी झाले. दादा खोटा पडू नये म्हणून. भिंतीपलीकडे खुर्ची उघडल्याचा आवाज आला, त्यांनी पाय वर घेतले असावेत. इकडे मला दम लागला होता.
दादाला खरं करायला गेले आणि पोरीला एकटं पाडलं.

१४ डिसें.
दुर्गहून आठवडाभर काही नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही, केतकी वहिनीशी. मला मात्र केतकी सकाळी नेहमीसारखा चहा देऊन गेली. माफी मागायची होती. साखर कमी आहे, एवढंच बोलले.
दुपारी मुलाच्या वडिलांचा फोन. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. दादा नुसता "हो जी, हो जी". मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळला: "अगं, ते विचारून राहिले, खुर्ची कोणत्या दुकानातून घेतली?"
"आणि केतकीचं?"
"ते काही नाही बोलले."
दुकान सांगितलं. म्हटलं, त्यांना हेही सांग: बसून पाहा, आणि वजन खरं सांगा.
दादाने फक्त दुकान सांगितलं.