कुंकवाचं यंत्र

तीर्थरूप उत्तमदादास,

धाकट्या ललिताचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा अन् वहिनीचं पित्त, दोन्ही आटोक्यात असन असं धरून चालते. फोन सोडून चिठ्ठी काहून, म्हणान. तर माह्या मोबाइलचा मधात डोळा झाला होता, अन् तो डोळा आता फुटला आहे. सांगते.

तुमच्या जवाईबापूची विद्या तुमाले ठाऊकच आहे. (पोरगं हुशार आहे, व्हिडिओ पाहून सारं शिकते, असं सांगून तुमीच मले इथं दिली. उपकार कसे फेडू.) मागं यायनं वांग्याच्या वावरात माकडं हाकलाले रोबोट उभा केला. तो हात वर-खाली करते. माकडं त्या हातावर बसून झोका घेतेत, अन् दमले की वांगे खातेत. परतवाड्याहून लोक पाहाले येतेत. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाले म्हणाले, बायकायची गर्दी तुले झेपत नाही, कुंकू लावाले मी यंत्र देतो.

दिलं. धान्याच्या कोठीचं धड, जीपच्या वायपरचा हात, कपाळात माहा मोबाइल. चेहरा दिसला की कुंकवाचं बोट पुढे करावं, एवढीच त्याची अक्कल. (बनवणाऱ्याची याच्याहून फार नाही.) शेजारच्या उंच प्रणालीच्या ओठाले कुंकू लागलं, ठेंगण्या शकुनकाकूच्या केसात गेलं. बायका हसून हसून वाण घ्याचं विसरल्या, अन् हे कोपऱ्यातून साऱ्यायले समजावून राहिले, की तो अजून शिकून राहिला.

तेवढ्यात माह्या सासूबाई तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर आल्या. सासरे गेल्यापासून त्या अशा दिवशी स्वयंपाकघर सोडत नाहीत. तिळगूळ संपला म्हणून मीच आवाज दिला होता. यंत्राले चेहरा दिसला. बोट पुढे गेलं अन् जन्मात पहिल्यांदा बरोब्बर कपाळाच्या मधात टेकलं.

शकुनकाकू पदरानं पुसाले धावल्या. सासूबाईनं त्यायचा हात धरला.

"राहू दे वं. याले तरी मी दिसली."

मी वाण उचललं अन् सासूबाईच्या हातात ठेवलं. शकुनकाकू तडक घरी गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या.

यायनं मात्र त्याच दिवशी यंत्र तोडलं (मोबाइल त्यातच गेला), मोटर भंगारवाल्याले दिली. म्हणे, माह्या हातानं आईची शोभा झाली. आता पाना-पेचकसाले हात लावत नाहीत. वेळेवर भाजी घेऊन अचलपूरच्या बाजारात जातेत, वेळेवर परत येतेत, वाढलं ते जेवतेत. घरात कोणाले शॉक लागत नाही. एवढ्या शहाण्या माणसासंगं कसं राहावं, तुमीच सांगा.

तुमची, फार सुखात असलेली,
ललिता

ता.क. तुमच्या गच्चीवरच्या जुन्या कूलरची मोटर चालत असन तर एसटीनं लवकर पाठवा. मी मागितली हे यायले सांगू नका.

आणखी एक. रथसप्तमीले सासूबाईनं भजनातल्या चार बाया बोलावल्या आहेत, साऱ्या त्यायच्यासारख्याच. मोटर नाही आली तरी कुंकू मी माह्या हातानं लावीनच. पण यायले म्हणा, यंत्राबिगर अडून राहिलं आहे.